‘मला गणित जमतच नाही’ म्हणणाऱ्या मुलाबरोबर आठ आठवडे: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

मूल ‘मला गणित जमतच नाही’ असे म्हणाले की बहुतेक घरांत त्याच क्षणी उत्तर मिळते, ‘असं म्हणायचं नाही, तुला सगळं जमतं.’ मग चार दिवसांत एक जाडजूड सरावसंच घरी येतो, त्यापाठोपाठ शिकवणी लागते, आणि महिन्याभराने मूल तेच वाक्य आधीपेक्षा ठामपणे म्हणू लागते. हेतू चांगलाच असतो, चुकतो तो क्रम. मुलाचा स्वतःवरचा अविश्वास हवेतून आलेला नसतो. वहीतल्या फुल्या, फळ्यासमोर गप्प उभे राहिल्याची आठवण, घटक चाचणीचे गुण असा त्याच्याजवळ साठलेला पुरावा असतो आणि तो धीराच्या शब्दांनी पुसला जात नाही. त्याच्यासमोर नवा पुरावा ठेवावा लागतो, आणि तोही मुलाच्या स्वतःच्या हातून घडलेला.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘हे मला करता येईल’ या विश्वासाचे चार स्रोत मांडले: स्वतः काम तडीस नेल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कोणाला ते करताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. यांपैकी पहिला सर्वांत बळकट आहे. आपल्या घरांत मात्र सुरुवात तिसऱ्यापासून होते आणि बहुधा तिथेच थांबते.

पुढचा क्रम चौथी ते सातवीच्या मुलांसाठी, गणित हा विषय धरून लिहिला आहे, कारण मूल नेमके कुठे अडले हे गणितात कागदावर दिसते.

## तयारी: पहिले चार दिवस

या दिवसांत मुलाला काहीही शिकवायचे नाही. पुढच्या गोष्टी जमवायच्या आहेत.

१. एकच मोठा माणूस ठरवा. आई सोमवारी, बाबा गुरुवारी आणि रविवारी आत्या, असे झाले की तीन पद्धती, तीन आवाज आणि तीन प्रकारची अधीरता मुलाच्या वाट्याला येते. ज्याला लवकर राग येतो त्याने या कामातून स्वतःहून बाजूला राहावे. त्यात कमीपणा काही नाही.

२. रोजची वीस मिनिटे ठरवा, आठवड्यातून पाच दिवस. शाळेतून आल्या आल्या नको, जेवणानंतर डोळे मिटत असतानाही नको. खेळाची वेळ कापून ही वीस मिनिटे काढली, तर पहिल्याच दिवशी हा सराव शिक्षा ठरतो.

३. साहित्य साधे ठेवा: दोन शंभरपानी वह्या, पेन्सिल, एक, दहा आणि शंभर रुपयांच्या खेळातल्या नोटा, कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या. यांशिवाय मुलाच्या इयत्तेच्या खालच्या तीन इयत्तांची गणिताची पाठ्यपुस्तके लागतील. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती पीडीएफ रूपात विनामूल्य मिळतात.

४. घरात काही वाक्ये बंद करा. ‘एवढं सोपं आहे’ हे त्यांतले सर्वांत घातक, कारण सोपे असूनही जमले नाही म्हणजे आपण मठ्ठच, असा निष्कर्ष मूल काढते. ‘मलाही गणित कधी जमलं नाही’ हे वाक्य प्रेमाने म्हटले जाते, पण त्यातून मूल ‘आपल्या घराण्यातच नाही’ एवढेच ऐकते. मावसभावाच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा विषय तर आठ आठवडे पूर्ण वर्ज्य समजावा.

तपासणी: मुलाची डोळे तपासणी गेल्या वर्षभरात झाली नसेल तर ती याच दिवसांत करून घ्या. फळ्यावरचे आकडे नीट न दिसणारे मूल बरेचदा तक्रार करत नाही. ते शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते, आणि आपल्याला वाटते की त्याचे लक्ष नाही.

## टप्पा १: ‘जमत नाही’ म्हणजे नेमके काय

हे एकच वाक्य निरनिराळ्या अडचणींसाठी वापरले जाते. ‘समजत नाही’, ‘समजते पण परीक्षेत आठवत नाही’, ‘येते पण सर्वांसमोर सांगायची भीती वाटते’ आणि ‘प्रश्नाची भाषाच कळत नाही’ या चारही गोष्टी मूल ‘जमत नाही’ याच शब्दांत सांगते, आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो.

‘का जमत नाही?’ असे विचारू नका. ते मुलाला माहीत असते तर प्रश्नच नव्हता. त्याऐवजी, शक्यतो चालता-फिरता किंवा भाजी निवडताना, म्हणजे समोरासमोर न बसता, असे विचारा: ‘गणितात शेवटचं काय छान समजलं होतं?’, ‘बाई फळ्यावर लिहितात तेव्हा कुठपर्यंत कळतं आणि कुठून सुटतं?’ उत्तर आले की ते दुरुस्त करू नका आणि लगेच उपाय सांगू नका.

सेमी-इंग्रजीतल्या मुलांच्या बाबतीत भाषेची शंका आधी घ्यावी. पाचवीत अचानक ‘न्यूमरेटर’, ‘डिनॉमिनेटर’ समोर आल्यावर अंश आणि छेद ओळखणारे मूलही गांगरते. मराठीतही हा सापळा आहेच. ‘रमाकडे १५ गोट्या आहेत, सलीमकडे ९, तर रमाकडे किती जास्त?’ या प्रश्नात ‘जास्त’ हा शब्द दिसताच अनेक मुले बेरीज करून २४ लिहितात. त्यांना वजाबाकी येत असते. अडचण वाचनाची असते.

## टप्पा २: मोडलेली पायरी शोधणे

सगळ्या क्रमात हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि पालक हमखास गाळतात तोही हाच. सहावीचे मूल सहावीच्या धड्यात अडले म्हणून त्याची अडचण सहावीची असेलच असे नाही. माझ्याकडे आलेल्या एका मुलीकडून कित्येक महिने अपूर्णांकांचा सराव करून घेतला जात होता. ती अडत होती आठच्या पाढ्यावर. अपूर्णांक तिला कळत होते, पण समच्छेद करताना प्रत्येक वेळी गुणाकार चुके आणि तिची खात्री झाली होती की अपूर्णांक आपल्यासाठी नाहीतच.

१. खालच्या तीन इयत्तांच्या पुस्तकांतून बारा उदाहरणे निवडा. सुरुवातीची तीन मुलाला नक्की येतील अशीच असावीत.

२. मुलाला सांगा, ‘ही परीक्षा नाही. तू कसा विचार करतोस ते मला बघायचंय, म्हणून मोठ्याने बोलत सोडव.’ आपण फक्त लिहून घ्यायचे. चूक दिसली तरी भुवई उडता कामा नये. हे वाटते त्यापेक्षा अवघड आहे.

३. लागोपाठ तीन चुकली की थांबा आणि एखादे सोपे देऊन बैठक संपवा.

आता चुका वाचायच्या. गणितातल्या चुका बहुधा नियमाने होतात आणि तो नियम सापडला की अर्धे काम झाले. पुढची उदाहरणे मी वह्यांतून वारंवार पाहिली आहेत.

३०२ − १४७ = २४५. मुलाने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. त्याला हातच्याची वजाबाकी, विशेषतः मध्ये शून्य असताना शतक सुटे करणे, कधी उलगडलेले नाही. खेळातल्या नोटांनी शंभराची मोड करून दाखवली की बरोबर उत्तर १५५ का येते ते त्याला हाताने कळते.

६१२ ÷ ६ = १२. भागाकाराच्या पायऱ्या पाठ आहेत, पण दशकस्थानी शून्य लिहायचे राहिले. ‘सहाशेबारा रुपये सहा जणांत वाटले तर प्रत्येकाला शंभराच्या वर मिळतील की खाली?’ असा अंदाज आधी घेण्याची सवय नसल्यामुळे १२ हे उत्तर त्याला खटकतही नाही.

१/२ + १/३ = २/५. अंशात अंश, छेदात छेद. इथे नियम सांगून उपयोग होत नाही. अर्धी पट्टी आणि तिसरा हिस्सा शेजारी ठेवल्यावर पूर्ण पट्टी जवळजवळ भरते, आणि २/५ तर अर्ध्याहूनही कमी आहे, हे डोळ्यांना दिसावे लागते.

सत्तावीस ऐकून ७२ लिहिणे, एकोणसत्तर ऐकून ७९ लिहिणे. ही चूक मुलाइतकीच आपल्या भाषेचीही आहे: मराठीत एकक आधी उच्चारला जातो, आणि ‘एकोण’ मध्ये तर पुढच्या दशकाचे नाव ऐकू येते. दुसरीच्या पुस्तकातल्या ‘वीस एक, वीस दोन’ या वाचनपद्धतीची २०१९ मध्ये राज्यभर चेष्टा झाली होती. अशा मुलाला घरी आठवडाभर ‘साठ नऊ म्हणजे एकोणसत्तर’ असे दोन्ही प्रकारे म्हणायला लावा, त्या पद्धतीचे मोल कळेल.

तपासणी: हा टप्पा संपला की आपल्याला एक वाक्य लिहिता आले पाहिजे: ‘हे मूल अमुकपर्यंत चुकत नाही आणि अमुक ठिकाणी अडते.’ ‘गणितात कच्चा आहे’ हे ते वाक्य नव्हे. नेमके वाक्य लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका, आणखी सहा उदाहरणे घ्या.

## टप्पा ३: दोन पायऱ्या खालून सुरुवात

अडलेल्या पायरीवर थेट घाव घालायचा मोह आवरा. तिच्या दोन पायऱ्या खालून सुरुवात करायची, म्हणजे पहिल्या आठवड्यात मूल बहुतेक उदाहरणे बरोबर सोडवेल. रोज दहा उदाहरणे असतील तर सात नक्की येणारी, दोन थोडी झटापट करायला लावणारी आणि एक अवघड, असे प्रमाण मी ठेवतो. अवघड उदाहरण मधे असावे आणि शेवटचे येणारे, कारण वही मिटताना जे घडले तेच मूल उद्यापर्यंत बरोबर नेते.

‘हे तर तिसरीचं आहे’ म्हणून मूल नाराज होऊ शकते. इयत्तेचा पुट्ठा दाखवायची गरज नाही. उदाहरणे वहीत उतरवून द्या.

सावधान: घड्याळ लावू नका. वेग अचूकतेच्या मागून येतो. पाढ्यांच्या शर्यती आणि ‘दोन मिनिटांत किती’ हे प्रकार भेदरलेल्या मुलाला आणखी भेदरवतात, आणि घाबरलेल्या डोक्याला येत असलेला पाढाही आठवत नाही.

## टप्पा ४: खोडरबर बाजूला, चुकांची वही पुढे

दुसरी शंभरपानी वही इथे लागते. आत्मविश्वास गमावलेले मूल चूक झाल्याझाल्या खोडते, कधी कागद फाटेपर्यंत. चूक नाहीशी झाली की तिच्यातली माहितीही जाते. म्हणून या वीस मिनिटांपुरते खोडरबर टेबलावर नको. चुकलेल्यावर एकच तिरकी रेघ आणि खाली पुन्हा मांडणी.

रोजच्या चुकांपैकी एकच, जास्तीत जास्त दोन, चुकांच्या वहीत जातील. डावीकडे चुकलेली मांडणी, उजवीकडे बरोबर, आणि खाली मुलाच्या शब्दांत एक ओळ: ‘शून्यातून सात जात नाहीत म्हणून मी उलटं केलं.’ ही ओळ मुलानेच लिहायची. आपण सांगून लिहिली तर ती शुद्धलेखनाची वही होते.

तेच उदाहरण, आकडे बदलून, दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी पुन्हा द्या. एका बैठकीत घोकलेले लवकर पुसले जाते आणि अंतर ठेवून केलेली उजळणी टिकते, हे हर्मान एबिंगहाउस यांनी स्मरणशक्तीवरच्या १८८५ सालच्या ग्रंथात स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते. तरीही रविवारी सलग तीन तास बसवण्याची आपली पद्धत काही जात नाही. तिसऱ्या वेळी बरोबर आले की मूल त्या पानावर स्वतः तारीख घालते. हीच वही पुढे त्याचा नवा पुरावा ठरणार आहे. ती पाहुण्यांना दाखवू नका.

## टप्पा ५: अडल्यावर काय करायचे ते शिकवणे

‘प्रयत्न कर’ हा उपदेश आहे, कृती नाही. मुलाला कळत नाही की प्रयत्न करायचा म्हणजे पेन्सिल हातात धरून नेमके काय करायचे. त्याला तीन कृतींचा ठरलेला क्रम द्या आणि तो वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

१. प्रश्न पुन्हा वाच, आणि काय दिले आहे व काय विचारले आहे ते स्वतःच्या शब्दांत सांग.

२. चित्र काढ, किंवा तेच उदाहरण लहान आकड्यांनी करून बघ. ३/४ किलोग्रॅमची चार पाकिटे जमत नसतील तर आधी अर्ध्या किलोग्रॅमची दोन पाकिटे घे.

३. तरीही अडले तर प्रश्न विचार, पण ‘येत नाही’ एवढाच नव्हे. ‘छेद सारखा केला, आता वरच्या आकड्याचं काय करू?’ असा.

सुरुवातीला तीन मिनिटे, पुढे पाच मिनिटे मुलाला एकटे झगडू द्या. या मिनिटांत आपले हात मांडीवर ठेवा. मुलाच्या हातातली पेन्सिल काढून घेऊन ‘हे बघ, असं’ म्हणणारा हात मदतीचाच असतो, पण मुलाला त्यातून कळते ते इतकेच की हे काम माझ्याच्याने होणार नाही, हे यांनाही माहीत आहे. वेळ संपल्यावर उत्तर न सांगता फक्त पुढची एक पायरी दाखवा आणि पेन्सिल त्याच्याकडेच राहू द्या.

सावधान: चुकीच्या रीतीने पन्नास उदाहरणे सोडवणे ही चिकाटी नव्हे, त्यात चुकीची रीतच पक्की होते. एकच चूक तिसऱ्यांदा झाली तर सराव थांबवून टप्पा २ कडे परत जा. आणि मूल रडवेले झाले, पोट दुखते म्हणाले, तर त्या दिवशी वही मिटा. बैठक पूर्ण करण्याचा हट्ट आपला असतो, त्याची किंमत मूल मोजते.

## टप्पा ६: आता बोला

साधारण पाचव्या आठवड्यापर्यंत कौतुकाचा हात आखडता ठेवायचा, कारण आता कुठे कौतुकाला आधार मिळाला आहे. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरॉल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीतल्या मुलांच्या एका गटाला पहिल्या यशानंतर ‘तू हुशार आहेस’ असे आणि दुसऱ्याला ‘तू मेहनत घेतलीस’ असे सांगितले होते. पुढे अवघड प्रश्नांत अपयश आल्यावर ‘हुशार’ ठरवलेली मुले लवकर हटली, त्यांची गोडी कमी झाली आणि त्यानंतरच्या सोप्या प्रश्नांतही त्यांची कामगिरी घसरली. हुशारीची पदवी मिळालेल्या मुलाला ती गमावण्याची भीती असते.

पण ‘छान मेहनत घेतलीस’ हेही रोज म्हटले की गुळगुळीत होते, आणि उत्तर चुकलेले असताना तर ते सांत्वन म्हणून ऐकू येते. मेहनत नेमकी कुठे होती तिकडे बोट दाखवा:

‘आज शून्य आल्यावर तू थांबलास आणि आधी शंभराची मोड केलीस. मागच्या मंगळवारी तू तिथेच उलटं केलं होतंस.’

‘मी काही सांगायच्या आत तू चित्र काढलंस.’

मूल जेव्हा पुन्हा ‘मला जमतच नाही’ म्हणेल, आणि ते म्हणेलच, तेव्हा वाद घालू नका. चुकांची वही उघडून द्या आणि विचारा, ‘यातलं कुठलं पान आज चुकेल असं वाटतं?’ मूल पाने उलटेल. त्या वेळी आपण गप्प बसावे.

## टप्पा ७: वर्गात परत

घरी येते आणि वर्गात तोंड उघडत नाही, ही तक्रार इथे येते. वर्गशिक्षकांना भेटा, पण पालकसभेच्या गर्दीत नव्हे, आणि ‘याच्याकडे लक्ष द्या’ अशी मोघम विनंतीही नको. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात तिचा उपयोग होत नाही. एकच नेमकी गोष्ट मागा: ‘पुढचे दोन आठवडे याला आदल्या दिवशी सांगून एक उदाहरण फळ्यावर सोडवायला बोलवाल का?’ बहुतेक बाई आणि सर याला नाही म्हणत नाहीत.

घरी त्याची तालीम उभ्याने करा. बसून सोडवणे आणि पाठीमागे वर्ग असताना उभ्याने खडू धरणे यांत फार फरक आहे. धाकट्या भावंडाला किंवा आजोबांना समोर बसवले तरी पुरते. आजोबांनी मधेच दुरुस्ती करायची नाही, एवढे त्यांना आधी सांगून ठेवा.

घड्याळाचा सराव आता, सातव्या आठवड्यात, सुरू करा. परीक्षेत अडलेले उदाहरण सोडून पुढे जायचे आणि शेवटी परत यायचे, हे घरी करून पाहिल्याशिवाय परीक्षेत सुचत नाही.

## कधी थांबून तज्ज्ञांकडे जावे

मन लावून सहा आठवडे काम करूनही पायरी हलत नसेल, अंक सतत उलटे लिहिले जात असतील, एक-दोन अंकी बेरजेलाही बोटेच लागत असतील, किंवा वाचन-लेखनातही तशीच अडचण असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात तिचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असल्यास राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षांत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. अशा मुलाला ‘आणखी प्रयत्न कर’ सांगत राहणे अन्यायाचे आहे. प्रमाणपत्र कुठे मिळते याची चौकशी शाळेत किंवा जवळच्या मोठ्या शासकीय रुग्णालयात करावी.

शाळेच्या दिवशीच पोटदुखी, झोप उडणे, मित्रांपासून तुटणे असे दिसले तर विषय गणिताच्या पलीकडचा आहे. मूल जगण्याविषयी निराशेचे काही बोलले तर ते ‘नाटक’ समजू नका. टेली-मानस या शासनाच्या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे.

## आठव्या आठवड्याच्या शेवटी

टप्पा २ मधली बारा उदाहरणे आकडे बदलून पुन्हा द्या. तपासायची मुलानेच, आपण फक्त जुना कागद शेजारी ठेवायचा. बारापैकी बारा बरोबर येणार नाहीत, सहसा दोन-तीन राहतातच, आणि ती कुठली राहिली हे मूल स्वतः सांगू शकते का ते पाहा. सांगू शकले, तर त्या दोन-तीन उदाहरणांपासून पुढचा आठवडा सुरू करा आणि या वेळी वेळापत्रक मुलाला आखू द्या. सांगू शकले नाही, तर टप्पा ४ आणि ५ आणखी तीन आठवडे चालू ठेवा. वार्षिक परीक्षा तोंडावर असली तरी हेच करा.